तबकडीची तीट

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दत्तप्रसाद परब उकिडवा बसून तबकडी पुसत होता. मंगळवार, १३ ऑक्टोबर १९८७. शेडच्या दारावर ‘गोवा, दमण आणि दीव’ असं रंगवलेलं होतं. मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हा कुणी तरी ‘दमण आणि दीव’वर चुना फिरवला होता, पण पावसाने चुना धुऊन नेला आणि दमण-दीव परत आले होते.

तबकडी हा होडीवाल्यांचा शब्द. संस्थेच्या कागदांत तिला ट्रान्सड्यूसर म्हणत. जेवणाच्या ताटाएवढा गोल, जड डबा, त्याला काळ्या रबराचं तोंड. लोखंडी तिवईत बसवून तो समुद्राच्या तळाशी ठेवायचा, तोंड आभाळाकडे करून. तबकडी खालून आवाज सोडते. आवाज वर जातो, पाण्याच्या पृष्ठभागावर आतून आपटतो आणि परत येतो. पाणी शांत असेल तर आरशावरून कवडसा परतावा तसा सरळ येतो. वारा असेल, लाटा उठल्या असतील, तर तोच पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आवाज वाटेल तिकडे फुटतो. त्याहून वाईट बुडबुडे. लाट फुटते तेव्हा हवा पाण्यात कोंबली जाते, तिचे मोहरीहून बारीक बुडबुडे होऊन पाण्यात तरंगत राहतात. एवढासा बुडबुडा, पण त्याच्या आत हवा असते; म्हणून आवाज त्याच्यावर आदळला की बुडबुडा थरथरतो, थोडा आवाज गिळतो आणि उरलेला उधळून लावतो. असे बुडबुडे कधी, किती खोल, किती वेळ टिकतात हे मोजायचं काम पणजीजवळच्या एका सरकारी संशोधन संस्थेने काढलं होतं. त्यासाठी तेरेखोलच्या खाडीचं तोंड निवडलं होतं. सकाळी तिथलं पाणी निपचित पडलेलं असतं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने फेसाळतं. एकाच दिवसात दोन्ही पाणी मिळतात.

तबकड्या दोन होत्या. एक नंबर दत्तप्रसादकडे आणि दोन नंबर शिवदास गावसकडे.

दत्तप्रसादने साबणाच्या पाण्याचं फडकं रबरावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. नियम तसा होता. हाताचा घाम, धूळ, तेलकटपणा काही राहता कामा नये. मग त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर होडीचा मालक जयराम तळातलं पाणी उपसत होता. शिवदास अजून दिसत नव्हता. दत्तप्रसादने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली, थोडं तेल तळहातावर घेतलं आणि रबरावरून हात फिरवला. त्यानंतर खिशातल्या डबीत बोट बुडवून तोंडाच्या कडेला एक ठिपका लावला, काळ्यावर काळा. डबीत काजळ होतं. घरी त्याची बायको गंगा धाकट्या मुलीला लावायची, तेच. पाण्यात ठिपका धरावा म्हणून खाली तेल.

ही तीट होती, आणि ती शिवदासच्या नजरेवर उतारा म्हणून होती.

दत्तप्रसाद कोरगावचा. वय छत्तीस. वडिलांची पेडण्याच्या बाजारात पिठाची गिरण होती, त्यामुळे यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणं त्याला लहानपणापासून जमायचं. संस्थेत तो पॅकिंग उघडणारा म्हणून लागला आणि तंत्रज्ञ झाला. या प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टर बागची कलकत्त्याहून आल्या तेव्हा त्यांना खाडी म्हणजे काय, भरतीची वेळ कुणाला विचारायची, होडी कुणाची चांगली, हे सगळं त्यानेच दाखवलं. होडीत बाई कानावरचा हेडफोन काढत आणि आधी त्याच्या हातात देत. “दत्ताबाबू, सुनो,” म्हणत. तो ऐके आणि सांगे. त्याचं सांगणं चुकलं तर बाई चुकीचं का ते समजावत. त्याला तेही आवडायचं.

मग दिचोलीहून शिवदास आला. लाटंबार्शाचा. खनिजाच्या बार्जवर वडील खलाशी होते, पोराने पणजीत डिप्लोमा केला आणि नोकरीला लागला. वय अठ्ठावीस, सडसडीत, कमी बोलणारा. तो आला तेव्हा दत्तप्रसादनेच त्याला पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि उंडो पाव खाऊ घातला होता. पहिले काही महिने तो शिवदासविषयी इतरांना चांगलंच सांगत असे.

बिघडलं ते बारीकसारीक गोष्टींवरून. मागच्या डिसेंबरात कोंकणी की मराठी या भाषेचं आंदोलन पेटलं, झाडं आडवी पाडून रस्ते अडवले गेले, तेव्हा शिवदास अर्धी वाट चालत आणि अर्धी कुणाच्या तरी सायकलवर बसून संस्थेत पोचला. टाकीतला प्रयोग बंद पडू नये म्हणून आला. त्या दिवसांत दत्तप्रसाद घरी होता, तसे सगळेच घरी होते. पण बाई पाहुण्यांना सांगताना नेहमी शिवदासचं चालणं सांगत. दत्तप्रसाद त्या वेळी बाजूला उभा असला तर कुठे पाहावं हे त्याला कळत नसे.

मग बाई कोंकणी शिकू लागल्या. दत्तप्रसाद पेडण्यातल्या मराठीच्या मोर्च्यात गेलेला माणूस. त्याने बाईंना एकदा मराठी शब्द लिहून दिले होते: वारा, लाट, भरती, ओहोटी. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणि एक दिवस होडीत त्या जयरामला म्हणाल्या, “आयज वारें ना मरे.” आज वारा नाही ना, असं. जयराम हसून आडवा झाला. हे शिवदासकडून आलं होतं. दत्तप्रसादने शिवदासला गाठलं.

“तू मराठी शाळेत शिकलास ना रे? मग बाईंना हे कशाला शिकवतोस?”

“शिकवूक ना ओ, दत्ताबाब,” शिवदास म्हणाला. “जयरामाकडे बोलता ते तिणी ऐकला. विचारला, म्हणान सांगितला.”

यात भांडण्यासारखं काही नव्हतं. तेच दत्तप्रसादला जास्त लागलं. आता हेडफोन आधी कधी याच्याकडे येई, कधी त्याच्याकडे. शिवदासकडे गेला की दत्तप्रसादचं लक्ष पाण्यावर राहत नसे. तो शिवदासचा चेहरा पाही आणि त्याच्या कपाळावर आठी पडते का याची वाट बघे. पडत नसे.

यंदा हे सगळं टोकाला आलं कारण डिसेंबरात संस्थेचं जहाज मुरगावहून अंदमानच्या दिशेने जाणार होतं, आणि त्यावर केरीच्या तुकडीतला एकच तंत्रज्ञ घ्यायचा होता. दत्तप्रसादने आयुष्यभर समुद्राचं काम केलं, पण जमीन दिसेनाशी होईल इतकं आत तो कधी गेला नव्हता. एका वर्षी वडील आजारी, एका वर्षी बाळंतपण. या वेळी घरी सगळं ठीक होतं. नाव बाई सुचवणार होत्या, याच गुरुवारी. केरीला ज्याचं काम चांगलं त्याचं नाव, असं त्यांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं होतं.

आणि नेमकी आत्ताच एक नंबरची तबकडी खरखरू लागली होती.

खंडेनवमीला दत्तप्रसादने दोन्ही तबकड्यांची पूजा मांडली. शिवदास गावी गेला होता. गिरणीत वडील करायचे तसंच: यंत्र धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळद-कुंकू, फूल. दोन नंबरला त्याने नुसतं फूल वाहिलं, तेल फिरवलं नाही. मुद्दाम असं नाही, पण तेल थोडं होतं आणि आपल्या यंत्राला आधी लावलं. सुट्टीनंतर दोघे कामावर आले. पूजेचं तेल लगेच धुऊ नये म्हणून दत्तप्रसादने त्या दिवशी तबकडीला साबण लावला नाही. शिवदासने एक नंबर हातात घेऊन इकडून तिकडे पाहिली आणि म्हणाला, “तुमची तबकडी कशी ओ, नव्यासारखी चकाकता.”

त्याच दिवशी ती खरखरली. टक् असा आवाज जायचा आणि टक् असा परत यायचा, तिथे आता जातानाच खर्रर्र उठायचं आणि परतीचा आवाज त्यात बुडून जायचा.

दत्तप्रसादने केबल तपासली, बॅटरी बदलली, जोड सोडवून परत बांधले. काही सापडलं नाही. रात्री जेवताना गंगाला म्हणाला, “नजर लागली.”

“कोणाला? पोरीला?”

“यंत्राला.”

गंगा हसली. “मग मिरच्या ओवाळून टाक.”

ओवाळायला तबकडी घरी आणता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने काजळाची डबी उचलली.

त्यानंतर काही दिवस तबकडी स्वच्छ वाजे, काही दिवस खरखरे. स्वच्छ वाजली की त्याला तिटीचा गुण वाटे. खरखरली की शिवदासने आज जास्त पाहिलं असणार असं वाटे, आणि दुसऱ्या दिवशी ठिपका मोठा होई, तेल वाढे.

त्या मंगळवारी होडी खाडीबाहेर गेली तेव्हा समुद्र ताणलेल्या चादरीसारखा होता. एक नंबर खडकांच्या टोकाजवळ उतरवली, दोन नंबर थोडी बाहेर. दोन्हींच्या केबली होडीत, दोन्हींचा आवाज कागदावर उमटवणाऱ्या लेखनयंत्रांचे खोके बाईंच्या पायांशी. बाईंनी हेडफोन लावला आणि एका खोक्यावरून दुसऱ्यावर खटका फिरवला.

“एक नंबर परत तसाच,” त्या म्हणाल्या.

“खडकार लाट फुटता, बाई,” जयराम म्हणाला. “तेचो फेस.”

“कुठे फुटते?”

जयरामने खडकाकडे पाहिलं. तिथे पाणी नुसतं वरखाली होत होतं. “काल फुटलली,” तो म्हणाला.

बाई त्यावर हसल्या नाहीत. गेला आठवडाभर त्यांनाही तसंच वाटत होतं. रात्री खडकावर फुटलेल्या लाटांचे बुडबुडे सकाळच्या शांत पाण्यातही टिकून राहतात की काय, ही कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. ते खरं ठरलं तर नवं काही हाती लागणार होतं. दत्तप्रसादला हे त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं आणि दोन दिवस तो सुखात होता. खरखर असेना, पण ती आपल्या तबकडीची खरखर आहे. बाई तिच्याविषयी बोलतात. शिवदासची तबकडी स्वच्छ वाजते आणि तिच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही.

आज मात्र बाईंनी हेडफोन काढून शिवदासकडे दिला.

“ऐक. खरखर कधी सुरू होते?”

शिवदासने डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. “आवाज सुटला की लगेच.”

“लगेच,” बाई म्हणाल्या. “फेस वर असतो. आवाज वरपर्यंत जाईल, मग फेस लागेल, मग खरखर येईल. मध्ये थोडा वेळ शांत जायला हवा. हा तर दारातच अडखळतोय.” मग त्यांनी हेडफोन दत्तप्रसादकडे दिला. “तुला काय वाटतं?”

दत्तप्रसादने ऐकलं. खरखर लगेचच होती, ती बहिऱ्यालाही कळली असती. पण शिवदासने जे आधी सांगितलं तेच आपण मागून सांगायचं म्हणजे काय. तो म्हणाला, “मला थोडी उशिरा वाटते, मॅडम.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हेडफोन परत घेतला.

परतताना शिवदास त्याच्या शेजारी येऊन बसला. “दत्ताबाब, एक विचारू?”

“विचार.”

“तबकडी पुसल्यावर तुम्ही…” तो थांबला. जयराम वळून पाहत होता. “काय ना. मागीर विचारतंय.”

दत्तप्रसादने तोंड पाण्याकडे फिरवलं. याला काहीतरी माहीत आहे. किंवा याने काहीतरी केलं आहे. रात्रभर तो दुसऱ्या शक्यतेलाच धरून बसला, कारण ती सोयीची होती.

बुधवारी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. एक नंबर पुसली, तेल, तीट, सगळं केलं आणि खुंटीवरची पिशवी घेऊन शेडच्या मागे गेला. तिथे फणसाच्या जुन्या ओंडक्यावर बसला. शिवदास आला. पत्र्याच्या फटीतून आतलं दिसत होतं. शिवदासने आधी दोन नंबर पुसली. मग बाहेर डोकावून पाहिलं. मग एक नंबरपाशी बसला, साबणाचं फडकं घेतलं आणि तिच्या तोंडावरून सावकाश, कडेपर्यंत फिरवलं. बोटाने काहीतरी खरवडलं. फडकं बादलीत पिळलं, परत फिरवलं.

दत्तप्रसाद जागचा हलला नाही. आत जाऊन त्याची मनगटं धरावीत असं वाटलं, पण दुसरा विचार जास्त मोहात पाडणारा होता. आता आपण पाहिलं आहे. आता गुरुवारी सांगता येईल. हा आपली तीट पुसतो. म्हणजे आपल्या यंत्राला हा काहीतरी करतो. ते रोज बिघडतं ते याच्यामुळे.

त्या दिवशी होडीत एक नंबर स्वच्छ वाजली. टक्, टक्. बाईंनी भुवया उंचावल्या. दत्तप्रसादच्या हे ध्यानातही राहिलं नाही. तो उद्याची वाक्यं जुळवत होता.

गुरुवारी बाई संस्थेच्या जीपमधून उतरल्या तेव्हाच त्याने त्यांना सुरूखाली गाठलं. तीट लावून झाली होती.

“मॅडम, एक सांगायचं आहे. शिवदास माझ्या तबकडीला हात लावतो. माझ्या मागे. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“हात लावतो म्हणजे?”

“तोंडाला. काहीतरी करतो. काल केलं.”

बाईंनी शेडकडे पाहिलं. “काल तर तुझी तबकडी चांगली वाजत होती,” त्या म्हणाल्या.

तो पुढचं वाक्य जुळवेपर्यंत बाई शेडकडे चालू लागल्या होत्या.

शिवदास आत केबल गुंडाळत होता. जयराम दारात विडी ओढत होता. बाईंनी सरळ विचारलं, हिंदीत. एक नंबरला हात लावलास का?

“होय,” शिवदास म्हणाला.

“कशासाठी?”

“पुसली.”

“दत्तप्रसाद पुसतो ना?”

“पुसतात.” शिवदास केबलकडे पाहू लागला.

“मग परत का?”

शिवदासने केबलचा आणखी एक वेढा घातला. दत्तप्रसादला वाटलं, आता सापडला. छातीत एकदम मोकळं वाटलं, आणि त्याच क्षणी जयरामने विडी दाराबाहेर टाकली.

“काजळ आसता, बाई, तेच्यार,” तो म्हणाला. “बारक्या पोराक लायतात तशी तीट. आनी तेल. मी रोज बघतंय. माका वाटला, तुमच्या शास्त्रातलाच काय तरी आसात.”

बाई एक नंबरपाशी गेल्या, वाकल्या आणि रबरावरून बोट फिरवलं. बोट चकाकलं. कडेच्या ठिपक्यावर टेकवलं, ते काळं झालं. त्यांनी शिवदासला समुद्राच्या पाण्याने भरलेली मोठी बालदी आणायला सांगितली. मग स्वतः दोन्ही हातांनी तबकडी उचलून, तोंड वर करून, हळूच पाण्याखाली नेली.

“बघ,” त्या दत्तप्रसादला म्हणाल्या.

रबराच्या तोंडावर मोहरीएवढे, काही त्याहून बारीक, असंख्य बुडबुडे चिकटले होते. पाण्यात ते चंदेरी दिसत होते. बाईंनी तबकडी हलवली, तरी ते सुटले नाहीत. तेलाला पाणी धरत नाही, त्या म्हणाल्या. तबकडी बुडते तेव्हा पाणी रबराला नीट लागत नाही आणि हवा तिथेच अडकून बसते, तळापर्यंत सोबत जाते. आवाज सुटतो तो आधी या हवेला आपटतो. मग त्यांनी तबकडी बाहेर काढली, साबणाने चोळली, धुतली आणि पुन्हा पाण्यात नेली. तोंड काळंभोर, एकही बुडबुडा नाही.

“मी समुद्रात शोधत होते,” बाई म्हणाल्या. “दसऱ्यापासूनचं एक नंबरचं सगळं टाकून द्यावं लागेल. कुठला दिवस पुसलेला आणि कुठला नाही, हे आता कोण सांगणार?”

दत्तप्रसादचे कान तापले होते. त्यांनी ओरडावं असं त्याला वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत. बोटाचं काजळ रुमालाला पुसता पुसता म्हणाल्या, “आमच्याकडेही लावतात. कपाळाच्या कडेला.” आणि मग, अगदी साधेपणाने, “नजर कुणाची लागत होती?”

दत्तप्रसादने मान वर केली नाही. शिवदासही खाली पाहत होता. नजर कुणाची ते त्याला कळलं होतं, हे दत्तप्रसादकडे पाहायचं तो टाळत होता त्यावरूनच दिसत होतं.

“समुद्राची, बाई,” जयराम म्हणाला. “आनी कोणाची?”

बाईंनी मान हलवली, जणू ते त्यांना पटलं.

त्या दिवशी होडी उशिरा सुटली. दोन्ही तबकड्या स्वच्छ वाजल्या. दुपारी खारा वारा सुटला, पाण्यावर पांढरं उठलं आणि हेडफोनमध्ये खरी खरखर आली: आवाज जायचा, क्षणभर शांत, मग वर कुठेतरी उधळायचा. बाईंनी ती दत्तप्रसादला ऐकवली. तो ऐकत होता, पण डोळे शिवदासवर होते. याला माहीत होतं. गेल्या आठवड्यापासून माहीत होतं. सांगितलं असतं तर मी चिडलो असतो. न सांगता पुसत राहिला. म्हणजे चांगुलपणाही यानेच केला. दत्तप्रसादला वाटलं, याने खरंच काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं.

किनाऱ्याला लागल्यावर शिवदास त्याच्याजवळ आला. “दत्ताबाब, मी सांगपाक होया होता. तुमचा देवाधर्माचा असात म्हणान…”

“राहू दे.”

“राग मानू नका.”

“राग कसला,” दत्तप्रसाद म्हणाला, आणि केबलचा गुंडाळा उचलून पुढे निघाला.

जीपमध्ये बसण्यापूर्वी बाईंनी दोघांना बोलावलं. जहाजावर कोण जाणार ते ठरलं होतं.

“दत्तप्रसाद जाईल,” त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाई पुढे बोलत होत्या. जहाजावर तबकडी पेंद्यात पक्की बसवलेली असते, तिला कुणाचा हात लागत नाही. तिथे लेखनयंत्राचा कागद बदलायचा, शाई बघायची, आवाज बदलला तर सांगायचं. दत्तप्रसादचं ते काम सगळ्यात नीटनेटकं आहे. इथे मात्र रोज हात लागतो. उन्हाळ्यापर्यंत सगळी मोजणी परत करायची आहे. “इथे मला शिवदास पाहिजे,” बाई म्हणाल्या. “बरें मरे, शिवदास?”

“बरें, मॅडम.”

जीप गेली. जयरामने दत्तप्रसादच्या पाठीवर थाप मारली. “अंदमानाक चललो रे आमचो दत्ता. येताना शिंपले घेवन ये.”

कोरगावला सायकलवरून जाताना वाटेत दोन माणसं भेटली. दोघांनाही त्याने बातमी सांगितली नाही. घरी गंगाला सांगितली तेव्हा तिने मुलीला कडेवरून खाली ठेवलं.

“मग तोंड असं का? हेच पाहिजे होतं ना तुला?”

“हेच.”

“मग?”

तो पडवीच्या बांकावर बसून चपलेचा पट्टा सोडत होता. “त्याला इथे ठेवलं,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“शिवदासला.”

गंगाला यात दुःख कुठे आहे ते कळेना. “तू जहाजात बसणार, तो केरीला वाळू तुडवणार. अजून काय पाहिजे?”

“मला पाठवलं, कारण तिथे माझा हात लागणार नाही,” दत्तप्रसाद म्हणाला. “त्याला ठेवलं, कारण त्याचा लागला तरी चालतो.”

गंगाने त्याच्याकडे पाहिलं. मुलगी रांगत उंबऱ्याकडे निघाली होती, तिला तिने उचललं. “पाणी तापलंय,” ती म्हणाली. “आंघोळ कर.”

तो उठला नाही. समोरच्या शेतात कापणी झालेल्या भाताचे भारे होते आणि दोन बायका ते डोक्यावर घेऊन बांधावरून चालत होत्या. दत्तप्रसाद डिसेंबराचा विचार करू लागला. बंदर, जहाजाची शिडी, जमीन मागे पडताना दिसेल ती. पण प्रत्येक चित्रात त्याला केरीची होडीच दिसत राहिली: बाई कानावरचा हेडफोन काढताहेत, शिवदासच्या हातात देताहेत, “ऐक” म्हणताहेत. आणि तिथे तो चेहरा पाहायलाही आपण नसणार. अंदमान दूर होतं. त्याआधीचे दीड-दोन महिने त्याला रोज शेजारी बसूनच काढायचे होते.

उद्या शुक्रवार. केरीला सकाळची भरती पावणेसहाला आहे. पाणी उतरायला लागलं की साडेसहाला होडी लोटतात, आणि ती लोटायला चार माणसं लागतात: जयराम, त्याचा भाऊ, शिवदास आणि दत्तप्रसाद.